तारीख, वार आणि तिथी: माझ्या महिन्याचा साचा

चिपळूणच्या बाजारपेठेतल्या चौदा पार्ट्यांचे हिशेब मी लिहिते. दोन हार्डवेअरवाले, तीन मेडिकल, एक बेकरी, एक मंडपवाला आणि बाकी असेच. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदी, जीएसटीची रिटर्नं, टीडीएस, कामगारांचा पीएफ हे माझं काम. ऑडिट सीए करतात, त्यांच्यापुढे कागद लावून ठेवायचे तेवढे मी. घरात सासूबाई, नवरा आणि यंदा दहावीला असलेली लेक. सासर गुहागर तालुक्यात, म्हणजे गणपतीला गावी जाणं आलंच.

हे आधी सांगितलं, कारण कॅलेंडरचा साचा कसा करायचा ते कोणासाठी करायचा यावर ठरतं. नेटवरचे तयार टेम्प्लेट मी सहा-सात तरी उतरवून घेतले असतील. गुलाबी फुलांचे, पाण्याच्या पेल्यांवर टिक करायचे, ‘आजचा मूड’ विचारणारे. एकही दुसऱ्या महिन्यापर्यंत टिकला नाही. दोष त्यांचा नव्हता. त्यांना तारीख कळते, वारही कळतो. तिथी कळत नाही. आणि माझं अर्धं घर तिथीवर चालतं.

त्याआधी डायरी होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात ती गेली. हिशेब वाचले, कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर होता. पण कोणाकडे बिलं कधी मागायची, कोण पहिल्या फोनला देतो, कोणाला तीन फोन लागतात, कोणाचा मुनीम सोमवारी येतच नाही, हे सगळं त्या डायरीत होतं आणि दुसरीकडे कुठेच नव्हतं. चिखल उपसून झाल्यावर मी पहिल्यांदा हे सगळं आठवून आठवून एका शीटमध्ये लिहिलं. साचा तिथून सुरू झाला.

आधी तीन याद्या

कॉम्प्युटर उघडू नका. एक पाठकोरा कागद घ्या, उभे तीन भाग करा. वर लिहा: तारीख, वार, तिथी. आता महिन्यात पुन्हा पुन्हा येणारं जे जे आठवेल ते त्या त्या भागात टाका.

तारखेचा भाग माझ्याकडे सरकारनेच भरून दिलाय. ७ ला टीडीएसचा, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा, भरणा. ११ ला जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न. तिमाहीवाल्यांना, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा रिटर्न भरणाऱ्यांना, तेच १३ ला. १४ ला जीएसटीच्या पोर्टलवर टूबी येतं, म्हणजे समोरच्यांनी दाखवलेली आपली खरेदी. १५ ला पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा विमा. २० ला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचा कर भरायचं रिटर्न. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च या महिन्यांत १५ लाच आगाऊ कराचा हप्ता. यातच घरची विजेच्या बिलाची तारीख, लेकीच्या क्लासची फी, सोसायटीचा मेन्टेनन्स.

वाराच्या भागात सहसा घर येतं. लेकीचे क्लास, मच्छी मिळण्याचे आणि न खाण्याचे वार, सासूबाईंच्या डॉक्टरांचा चिपळूणला बसण्याचा वार, मोलकरणीची सुट्टी. माझी पेटी शिकण्याची वेळ मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी पाच ते सहा, तीही इथेच.

तिथीचा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग महिना का फिसकटला म्हणून विचार करत बसतात. संकष्टीला रात्री चंद्रोदयानंतर जेवण, त्या दिवशी मी रात्री काम करू शकत नाही. एकादशीला सासूबाईंचा उपास, साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालायचा. सासऱ्यांचं श्राद्ध. गौरी-गणपती. फोनमधल्या कॅलेंडरला ‘दर महिन्याची २० तारीख’ सांगता येते, ‘दर महिन्याचा तिसरा सोमवार’ सांगता येतो. ‘दर संकष्टी’ सांगायला गेलात तर ते तुमच्याकडे बघत बसतं.

म्हणून साचा भरताना भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून मांडीवर घ्यावं लागतं. आमच्याकडे कालनिर्णय आहे, १९७३ पासून निघतंय ते. सासूबाई त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहितात: दीड, दीड, दोन, खाडा. मी कितीही रंगीत शीट केली तरी दुधवाल्याचं बिल त्या पेन्सिलीच्या आकड्यांवरूनच दिलं जातं, आणि ते बरोबर असतं.

साचा बांधायचा कसा

गूगल शीट्समध्ये टेम्प्लेट गॅलरीत वार्षिक कॅलेंडर तयार मिळतं, एक्सेलमध्येही मिळतं. घ्यायचं तर घ्या. मी स्वतः बांधलं, कारण मला उभं हवं होतं. तयार साच्यांत वार वरच्या ओळीत आडवे असतात. आपण लहानपणापासून कालनिर्णयावर वार डाव्या बाजूला वरून खाली आणि तारखा उभ्या उतरताना पाहिलेल्या. माझी नजर आडव्या कॅलेंडरवर दर वेळी एक वार चुकते. तुमची चुकत नसेल तर आडवंच ठेवा.

रीत अशी. वर एका चौकटीत महिन्याची पहिली तारीख टाका, पूर्ण, वर्षासकट. रविवारच्या पहिल्या चौकटीत सूत्र द्या: ती तारीख, वजा तिचा वार-क्रमांक, अधिक एक. वार-क्रमांक ‘वीकडे’ नावाचं फंक्शन देतं, रविवार एक, सोमवार दोन असा. १ सप्टेंबर २०२६ मंगळवारी आहे, म्हणजे तीन. एकातून तीन वजा करून एक मिळवला की ३० ऑगस्ट, आणि तो रविवारच आहे. पुढे सोपं: खालच्या वाराला वरची तारीख अधिक एक, शेजारच्या आठवड्याला डावीकडची तारीख अधिक सात. सहा आठवड्यांचे सहा रकाने करा, पाच पुरत नाहीत असे महिने येतात. तारखांना फक्त दिवसाचा आकडा दिसेल असं फॉरमॅट द्या. पुढच्या महिन्याला वरची एक तारीख बदलली की अख्खं कॅलेंडर सरकतं.

प्रत्येक तारखेखाली मी दोन ओळी ठेवते. वरची घराची, खालची कामाची. तिसरी ठेवून पाहिली होती, ‘इतर’ म्हणून. तिच्यात काय जायचं? जे करायचं नसतं ते सगळं.

रंग चारच. सुरुवातीला अकरा होते. कोणता रंग कशाचा हे बघायला शेजारी तक्ता लावावा लागायचा. आता तिथी पिवळी, घर हिरवं, काम निळं, आणि माझं स्वतःचं जांभळं. पेटी जांभळी. पेटीला मी पार्टी नंबर पंधरा करून टाकलंय. पार्टीची वेळ ठरली की मी ती मोडत नाही, स्वतःची मात्र सर्रास मोडते, हे लक्षात आल्यावर केलेली युक्ती आहे. तीन वर्षांत ‘यमन’ बोटांत बसलाय एवढं खरं.

तीन याद्या दुसऱ्या शीटवर टाकून ठेवा, ‘नेहमीचं’ असं नाव देऊन. तिथून कॅलेंडरमध्ये नोंदी आपोआप उचलणारी सूत्रं बसवता येतात. मला येतात बसवायला, रोजचाच धंदा आहे. तरी मी बसवत नाही, हाताने उतरवते. वीस मिनिटं जातात. पण ‘२० थ्रीबी’ असं रविवारच्या चौकटीत हाताने लिहिताना तो रविवार आहे हे दिसतं. सूत्राने ते गुपचूप लिहिलं असतं.

शेवटची तारीख नव्हे, हात घालायची तारीख

या साच्यात मी सगळ्यात उशिरा शिकलेली गोष्ट हीच. दोन वर्षांपूर्वी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत ‘२० थ्रीबी’ लिहिलेलं होतं, फोनही वाजला, मी संगणकासमोर बसलेली होते, आणि एका दुकानाची खरेदीची बिलंच आलेली नव्हती. मालक लग्नाला बाहेरगावी. रिटर्न दोन दिवस उशिरा गेलं. दिवसाला पन्नास रुपये दंड म्हणजे शंभर रुपये, आणि कराच्या रकमेवर दोन दिवसांचं व्याज, वर्षाला १८ टक्क्यांच्या दराने. रक्कम काहीच नाही. पण त्या माणसाने पुढचे सहा महिने, भेटेल तिथे, चारचौघांत, “मॅडम, यंदा वेळेवर ना?” असं विचारलं. लग्नाला मी गेले नव्हते.

तेव्हापासून २० ही तारीख साच्यात एका बारीक लाल टिंबापुरती आहे. मोठ्या अक्षरांत असतं ते असं: २ ला बिलांचा पहिला फोन, ५ ला दुसरा, ६ ते ९ विक्रीच्या नोंदी, १० ला जीएसटीआर-वन. मग १० ते १३ खरेदी, १४ ला टूबी उतरवून १६ पर्यंत आपल्या खरेदीच्या नोंदींशी ताळा, १७-१८ ला चलन आणि थ्रीबी. १९ मोकळी. पोर्टल शेवटच्या दिवशी गोगलगाय होतं हे या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

घरच्या कामांनाही हेच लागू पडतं. ‘लेकीची परीक्षा’ असं लिहून उपयोग नाही, ती तिला माहीत आहे. ‘परीक्षेआधी दहा दिवस: मी संध्याकाळी सहानंतर फोन घेणार नाही’ हे लिहायचं. सासूबाईंची साखर तपासायची तर त्या दिवसाबरोबर आदल्या दिवशी ‘रात्री जेवण आठच्या आत’.

फोनमधलं कॅलेंडर मी फक्त गजरासाठी वापरते. त्यातली एक खोड सांगून ठेवते. दर महिन्याच्या ३१ ला वाजेल असा गजर लावलात तर गूगल कॅलेंडर तीस दिवसांचे महिने सरळ सोडून देतं. व्यवसाय कर महिनाअखेरीचा असतो, त्याचा गजर मी असाच ३१ चा लावून बसले होते. आता २८.

सप्टेंबर २०२६

गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला आले. माझी तर चैन झाली: थ्रीबीची २० गेलेली, टीडीएसची ७ यायची होती, मधल्या दहा दिवसांत गाव, गौरी, विसर्जन सगळं उरकून मी परत. यंदा ज्येष्ठ अधिक आला, १७ मे ते १५ जून, आणि पुढचे सगळे सण लांबले. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. म्हणजे ज्या दिवशी टूबी येतं नेमक्या त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी १५, पीएफ, ईएसआय आणि आगाऊ कर तिन्ही. गौरी १७ ला येणार, १९ ला शनिवारी जाणार, आमचे गणपती गौरीबरोबर जातात. २० ला रविवारी थ्रीबी. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची प्रत काढून मी तारीख बदलली असती तर मेलेच असते.

मी भरते त्या क्रमानेच सांगते. पहिल्यांदा पिवळं. १२ ते १९ अख्खा पट्टा: गाव. तिथे आमच्या वाडीत दोन काड्या रेंज येते, तीही विहिरीपाशी. दुसऱ्यांदा हिरवं: ११ ला मखराचं सामान आणि सासूबाईंची महिन्याची औषधं, दुकानं बंद व्हायच्या आत. लेकीची वह्या-पुस्तकं बरोबर घ्यायची, तिचा क्लास किती दिवस बुडणार ते सरांना आधी सांगायचं. मग जांभळं. पेटीचे दोन वार गावात बुडतात, त्या बदल्यात गावच्या भजनात बसायचं ठरवलंय. नणंदेचा मुलगा पेटी वाजवतो, एक रात्र माझ्याकडे देईन म्हणालाय.

निळं सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. बिलांचा फोन २ ऐवजी ३१ ऑगस्टलाच, आणि त्यात स्पष्ट सांगायचं की ४ नंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात. जीएसटीआर-वन ८ ला. पीएफ, ईएसआयची चलनं १० पर्यंत. आगाऊ करासाठी सीएंकडून आकडे ५ ला, चलन ९ ला. या हप्त्यापर्यंत वर्षाच्या अंदाजित कराच्या ४५ टक्के भरलेले असावे लागतात, त्यामुळे जूनमध्ये ज्यांनी हात आखडता घेतला होता त्यांना हा आकडा ऐकून घाम फुटतो. तो फोन लवकर केलेला बरा.

इथपर्यंत सगळं जमलं. अडलं ते थ्रीबीवर. टूबी १४ च्या आधी येतच नाही, तर ताळा आधी होणार कसा? आणि १९ ला विसर्जन करून २० च्या रविवारी नऊ पार्ट्यांची रिटर्नं एकटीने एका दिवसात, तेही पोर्टलच्या भरवशावर? (पाच तिमाहीवाले सुटले, त्यांचं थ्रीबी थेट २२ ऑक्टोबरला.) मी तासभर त्या कागदाकडे बघत होते. पट्ट्यात एकच फट होती: १६, बुधवार. गणपती बसलेले, गौरी यायला एक दिवस अवकाश.

सासूबाईंना विचारलं. त्या फुलवाती वळत होत्या.

“आई, बुधवारी सकाळच्या एसटीने चिपळूणला जाऊन संध्याकाळी आले तर चालेल?”

“पावण्यांचा सैपाक कोण करणार?”

“जाऊबाई आहेत. मंगळवारी रात्री मी वाटण करून ठेवते.”

बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, “जा गो. पण रात्री ये. गुरवारी गौरी आणायला तू हवीस.”

तर साच्यात १६ च्या निळ्या ओळीत लिहिलंय: ‘चिपळूण, नऊ ताळे, शेवटची गाडी’. आणि १५ च्या हिरव्या ओळीत: ‘वाटण’. खरेदीच्या नोंदी ११ पर्यंत पूर्ण केल्या तर बुधवारी फक्त ताळा आणि चलनं उरतात. २० चा रविवार राखून ठेवलाय, जे अडकेल त्याच्यासाठी.

तासांचा रकाना

साच्याच्या तळाला, प्रत्येक आठवड्याच्या खाली, मी एक आकडा लिहिते: त्या आठवड्यात कामाला किती तास आहेत. दिवसाला चारच धरते. बसते सहा तास, पण दोन तास फोन, लाईट जाणं, दारावर आलेली माणसं यात जातात, हे मान्य करायला मला वर्षं लागली. एका पार्टीला महिन्याला साधारण पाच तास, चौदांना सत्तर. साध्या महिन्यात बावीस दिवस म्हणजे अठ्ठ्याऐंशी तास, बरं चाललेलं असतं. या सप्टेंबरात गावचा पट्टा कापल्यावर सतरा दिवस उरतात. अडुसष्ट तास. म्हणजे एकही नवीन काम न घेता मी दोन तास तोट्यात.

परवा एक ओळखीचे आले, मुलाने मोबाईलचं दुकान टाकलंय, सप्टेंबरपासून हिशेब तुम्हीच बघा म्हणाले. पूर्वी मी “बघू” म्हटलं असतं, आणि “बघू” चा अर्थ आपल्याकडे हो असाच होतो. या वेळी फोनवर शीट उघडून त्यांना खालचा आकडा दाखवला. हिशेबाच्या माणसाला आकडा दाखवला की वाईट वाटत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस या म्हटलं, ते हो म्हणाले.

कागदावर एक प्रत

महिना भरून झाला की ए-फोरवर छापते आणि स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी डकवते. लाईट गेली, नेट गेलं, पाणी आलं, तरी तो असतो. शिवाय शीट फक्त मी बघते, कागद सगळे बघतात. नवऱ्याने मागच्या महिन्यात स्वतःहून १८ च्या हिरव्या ओळीत ‘गाडीचं सर्व्हिसिंग, मी नेतो’ असं लिहिलं. लेक काही लिहीत नाही, पण ‘सहानंतर फोन नाही’ या ओळीखाली तिने दोन रेघा ओढून ठेवल्यात.

छापल्यानंतर बदल पेन्सिलीनेच. महिनाअखेरीला, २५ च्या आसपास, पुढचा महिना भरायला बसताना जुना कागद शेजारी ठेवायचा आणि पेन्सिलीच्या खाडाखोडी बघायच्या. जी नोंद तीन महिने लागोपाठ सरकलेली दिसेल ती ‘नेहमीचं’ च्या शीटमध्येच हलवायची. माझं कपाट आवरणं असं पहिल्या रविवारवरून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर गेलं. शेवटी साच्यातून काढून टाकलं. कपाट जसं होतं तसंच आहे.

ऑक्टोबरचा कागद अजून कोरा आहे. त्यात फक्त एकाच चौकटीत दोन शब्द लिहून ठेवलेत, २० तारखेच्या. वरच्या ओळीत दसरा, खालच्या ओळीत थ्रीबी.